विमानातला चौविहार

१

सोमवारी संध्याकाळी आरतीसाठी ज्ञानचंदभाऊंनी घरातल्या देरासराचं, म्हणजे जैन देवघराचं, दार उघडलं, तर सिंहासन रिकामं. स्फटिकाची पार्श्वनाथांची मूर्ती, तळहातावर मावेल एवढी, चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेली, जागेवर नव्हती. चांदीचं छत्र तिथेच, दिवे तिथेच, केशराची वाटीसुद्धा तिथेच. चोरानं फक्त देव नेला होता.

मला हे गुरुवारी कळलं. जळगावहून चेलनाचा फोन आला. चेलना म्हणजे ज्ञानचंदभाऊंची धाकटी सून, माझी धुळ्याची जुनी विद्यार्थिनी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा अर्हम आजोबांबरोबर दुकान बघतो.

“बाई, तुम्ही या,” ती म्हणाली. “सगळे भूमिकाचं नाव घेताहेत.”

“कोण भूमिका?”

“अर्हमची होणारी बायको. रावेरची. येत्या बुधवारी साखरपुडा आहे. मूर्ती नाही सापडली तर साखरपुडा मोडेल, आणि त्या पोरीच्या नावावर चोरीचा डाग राहील. जन्मभर.”

मी सुलक्षणा देवरे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. पोलिसाशी माझा संबंध पासपोर्टपुरता. पण नोकरीभर मी कॉप्या पकडल्या, आणि त्यात माझा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. त्यातून एक गोष्ट शिकले. कॉपी करणारी पोरगी चुकीच्या उत्तरानं सापडत नाही, विचारलं नसताना जास्तीचं लिहिते आणि तिथे सापडते.

मे महिन्यात शहाणं माणूस दुपारचं घराबाहेर पडत नाही. मी पडले. शुक्रवारी जळगावच्या बसमध्ये बसले तेव्हा खिडकीची दांडी हाताला चटका देत होती, आणि मी मनातल्या मनात त्या चोराला भरपूर शिव्या घातल्या.

२

“पोलिसात का नाही गेलात?” मी आल्या आल्या विचारलं.

ज्ञानचंदभाऊ गादीवर बसले होते. डाळीचे मोठे व्यापारी, बोलणं हळू, पण घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. “देव चोरीला गेला म्हणून चौकीत लिहून देऊ? समाजात तोंड कुठं दाखवू?”

“आणि त्या पोरीनं तोंड कुठं दाखवायचं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. उत्तर नव्हतं म्हणजे पाणी द्यायचं, ही मोठ्या माणसांची जुनी रीत.

हकिगत साधी होती. मोठा मुलगा अखिल लंडनला असतो, बायको-मुलांसह. पंधरा दिवस इथे एकटाच राहून तो रविवारी रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला. सोमवारी दुपारचं त्याचं विमान. सोमवारी सकाळी भाऊंनी पूजा केली तेव्हा मूर्ती होती. मग भाऊ दुकानात गेले, अर्हम कामाला बाहेर गेला. दुपारी भूमिका आली, केळीची पेटी घेऊन. चेलना थोडा वेळ बाजारात गेली होती. घरात फक्त राजकुंवर अक्का, म्हणजे भाऊंच्या पत्नी, त्याही खालच्या खोलीत कूलर लावून झोपलेल्या. चारच्या सुमाराला भूमिका गेली. संध्याकाळी देव नाही.

“म्हणजे तिच्याशिवाय घरात कोणी नव्हतंच,” भाऊ म्हणाले. “मी तिला चोर म्हणत नाही. पण मला दुसरं कोणी दिसत नाही.”

म्हणत नाही म्हणे! डोक्यात तिडीक गेली माझ्या, पण पाणी पिऊन घेतलं.

अक्का वरच्या मजल्यावर रिकाम्या सिंहासनासमोर माळ घेऊन बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासची बाई, चार दिवसांत निम्मी झालेली. मूर्तीच्या आठवणीनं डोळे भरायचे, म्हणून मी विषय बदलला. मुलांचं विचारलं.

“म्हारो अखिल!” त्यांचा चेहरा खुलला. “इतक्या लांब राहतो, पण धरम सोडला नाही बघा. मी फोनवर आधी तेच विचारते, चौविहार झाला का?”

चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्नपाणी बंद. हे घर त्यात फार कडक. सहानंतर त्यांच्या स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज येत नाही.

“विमानातसुद्धा पाळला त्यानं,” अक्का कौतुकानं सांगू लागल्या. “मंगळवारी फोन केला. मला तो बाईच म्हणतो. म्हणाला, बाई, दुपारी विमान उडालं, अर्धा रस्ता झाला तसा सूर्य मावळायला लागला. खिडकीतून बघत बघत दोन घास खाल्ले, लाल गोळा ढगात बुडाला तसा पेला खाली ठेवला. मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळी घरी दूध घेतलं. असा मुलगा!”

“चांगलं आहे,” मी म्हटलं, आणि खाली आले.

चेलना गच्चीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. या उन्हात कपडा दोरीवर टाकला की माणूस जिना उतरेपर्यंत वाळतो. मी सहज विचारलं, “सोमवारी बाजारातून आल्यावर वेगळं काही दिसलं?”

“नाही बाई.” ती थांबली. “फक्त एक. पूजेचा धोतरजोड दोरीवर ओला होता.”

“भाऊंचा?”

“बासांचा तर सकाळीच वाळून घडी केला होता. हा कपाटातला जास्तीचा जोड. मला वाटलं, बासांनीच कधी धुतला असेल.” भाऊंना घरात सगळे बासा म्हणतात.

मी जिन्याच्या पायरीवरच बसले. या घरात आंघोळ करून, पूजेची धुतलेली वस्त्रं नेसल्याशिवाय मूर्तीला कोणी बोट लावत नाही. चोरी करणाऱ्यानंही लावलं नव्हतं. त्यानं आंघोळ केली, धोतर नेसलं, देव उचलला, आणि हाताच्या सवयीनं धोतर खळबळून दोरीवर टाकून गेला.

चोर या घरातला होता. आणि पुरुष होता.

३

भाऊंना मी त्या रात्री काही सांगितलं नाही. पुरुष म्हटलं की नाव येणार अर्हमचं, आणि म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकणार. आधी भूमिकाला भेटायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी अर्हमनंच गाडी काढली. मुलगा देखणा, अदबशीर, बोलताना सारखा आरशात मागे बघणारा. रावेरच्या अलीकडे रस्त्याला दोन्हीकडे केळीच्या बागा लागल्या, ट्रॅक्टर आडवे यायला लागले. भूमिकाच्या घराच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली.

“मी इथेच थांबतो, बाई.”

“का रे? घर माहीत नाही का?”

“तसं नाही. आत्ता जाणं बरं दिसणार नाही.”

मी उतरले आणि दार जोरात लावलं.

भूमिकाचे वडील, जीवराम आबा, ओट्यावर उभे होते. पांढरा सदरा, हातात रुमाल, चेहरा उतरलेला. नमस्कार केला आणि तिथेच सुरू झाले.

“बाई, माह्या पोरीनं आजलोक दुसऱ्याच्या बागेतलं केळं नाही तोडलं. त्याहीच्या देवाले हात लावून तिले काय भेटीन? बठ्ठ्या रावेरात बोभाटा झाला. पाव्हने फोन करून इचारतात, साखरपुडा हाये का नाही? मी काय सांगू त्याहीले?”

“बुधवारच्या आत सांगता येईल, आबा.”

“देवाशप्पथ?”

“शपथा नाही घेत मी. पण सांगता येईल.”

भूमिका आतून आली. शेतीची पदवी घेतलेली, केळीच्या पॅकिंगचं काम बघणारी मुलगी. रडून डोळे सुजले असतील असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ती शांत होती, आणि मला ती शांतता खटकली. खोटा आळ आलेलं माणूस आधी आरडाओरडा करतं.

“वर गेली होतीस?” मी विचारलं.

“गेले होते. चेलनाआंटींनी म्हटलं होतं, देरासर बघून घे. पण आत नाही गेले.”

“का?”

ती माझ्यासाठी पाणी आणायला वळली.

“हे बघ भूमिका, तू कुणाला तरी वाचवते आहेस. वर्गात अशा पोरी मी पुष्कळ बघितल्या. मैत्रिणीसाठी स्वतः छडी खाणाऱ्या.”

तिनं वडिलांकडे बघितलं. आबा उठून बाहेर गेले. मग ती हळू आवाजात म्हणाली, “वरच्या न्हाणीत कोणीतरी आंघोळ करत होतं. पाण्याचा आवाज येत होता. आंघोळीनंतर माणूस तिथूनच बाहेर येणार, मी समोर उभी, बरं दिसलं नसतं. म्हणून खाली आले.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“कोणी विचारलंच नाही. नुसतं, मूर्ती दे म्हणाले.”

“कोण असेल वाटलं तुला?”

तिचे डोळे आता भरले. “अर्हम,” ती म्हणाली. “दुसरं कोण असणार, बाई?”

४

परतताना वाटेत चहाच्या टपरीवर मी अर्हमला सरळ विचारलं, “सोमवारी दुपारी कुठे होतास?”

“पारोळ्याला. बाजार समितीत. दोन व्यापारी होते बरोबर, त्यांच्याबरोबरच जेवलो. घरी यायला सात वाजले.” तो दचकला. “बाई, माझ्यावर संशय आहे?”

मी तिथूनच त्या दोघांना फोन लावायला लावले. दोघांनीही तेच सांगितलं, एकानं तर अर्हम जेवताना किती ताक प्याला तेही सांगितलं. अर्हम सुटला. भाऊ दिवसभर दुकानात नोकरांसमोर गादीवर होते. तेही सुटले.

“मग घरातला पुरुष उरतो एक,” मी म्हटलं. “तुझा काका.”

अर्हम हसला. त्यानं मोबाइल काढला, मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांची नावं टाकली आणि पडदा माझ्यापुढे धरला. “हे बघा. सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर. नऊ-दहा तासांचा प्रवास. दुपारी एकचं विमान. म्हणजे आपल्या घड्याळात रात्री अकरापर्यंत काकासा हवेत. मध्ये उतरता येतं का? बस आहे का ती?”

बस नव्हती, खरं. चहा थंड करून प्याले, आणि तो गार झालेला चहा फार वाईट लागला.

रक्तदाबाच्या गोळ्या धुळ्यालाच राहिल्या होत्या, म्हणून संध्याकाळी त्यानं मला जळगावच्या बस स्थानकावर सोडलं. धुळे पश्चिमेला. बस निघाली तसा सूर्य समोरच्या काचेतून सरळ माझ्या तोंडावर. पदर घेतला, पिशवी धरली, एरंडोल गेलं तरी सूर्य तिथेच. शेजारची बाई वैतागून म्हणाली, “काय मेला पिच्छा सोडत नाही आपला!”

मी “हो ना” म्हटलं. आणि पुढच्या क्षणाला उठून उभीच राहिले.

“अहो बाई, बसा की, पडाल!” कंडक्टर ओरडला.

“सूर्य मावळलाच नाही!” मी म्हटलं.

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. जाऊ दे. पारोळ्याला उतरले, गोळ्या तिथल्याच दुकानात घेतल्या आणि जळगावची उलटी बस धरली. चेलनाला फोन केला, “उद्या दुपारी सगळ्यांना एकत्र बसव. आणि अखिलला व्हिडिओ कॉल लाव. अक्कांना खास बसव.”

५

रविवारी दिवाणखान्यात भाऊ, अक्का, चेलना, अर्हम. भाऊंचा राग तोंडावर दिसत होता. घरच्या मोठ्या मुलाला प्रश्न विचारायचे, तेही बाहेरच्या बाईनं.

“फोन लावण्याआधी ऐका,” मी म्हटलं. ओल्या धोतराचं सांगितलं, न्हाणीतल्या पाण्याचं सांगितलं. मग म्हटलं, “भाऊ, दिवस म्हणजे काय? सूर्य आपल्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो. जळगावात मावळला तरी लंडनला तो चांगला वर असतो. आता विमानही पश्चिमेकडेच पळतं. सूर्याला गाठत नाही, पण त्याच्या मागे मागे राहतं. दुपारी एकला मुंबईहून निघालेलं विमान दहा तास उडालं, तरी लंडनला उतरतं तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसहा असतात.”

“मग?”

“मग मे महिन्यात लंडनला सूर्य रात्री नऊपर्यंत आकाशात असतो. दुपारी एकला निघून अखिलला वाटेत सूर्यास्त दिसणं शक्यच नाही. सगळा प्रवास उन्हात. त्याला अर्ध्या रस्त्यात सूर्य मावळताना दिसला, कारण त्यानं तो बघितलाच नाही. खानदेशात सात वाजता मावळतो, म्हणून त्याच वेळेला त्यानं विमानातही मावळवला.”

अर्हमनं मोबाइल काढला, बोटं फिरवली, आणि हळूच खाली ठेवला.

“पण खोटं का बोलेल तो?” चेलना म्हणाली.

“अक्कांनी चौविहाराचं विचारलं म्हणून. नुसतं ‘झाला’ म्हणाला असता तर मी आज धुळ्यात झोपले असते. आईला बरं वाटावं म्हणून लाल गोळा, ढग, पेला असं सगळं सजवून सांगितलं. सोमवारी दुपारी तो विमानात नव्हता. मागच्या जिन्याची किल्ली त्याच्याकडे आहे?”

“कॉलेजपासून,” भाऊ म्हणाले.

“रविवारी तो मुंबईला गेलाच नाही. इथेच जवळपास थांबला. सोमवारी दुपारी येऊन मूर्ती घेतली, गाडीनं मुंबई गाठली आणि मध्यरात्रीनंतरचं विमान पकडलं. ते अंधारात उडतं, त्यात सूर्याचा प्रश्नच नाही.”

फोन लागला. अखिल हसत पडद्यावर आला. चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर अक्कांनी माझा हात दाबला. पडद्याजवळ सरकल्या.

“अखिल,” त्या म्हणाल्या, “भगवानची रोज पूजा होते ना रे?”

प्रतिष्ठा केलेली मूर्ती. एक दिवससुद्धा पूजेवाचून ठेवायची नाही, हे या घरात लहान मुलालाही माहीत. अखिलचं हसू विरलं. त्यानं एकदा इकडे-तिकडे बघितलं, चष्मा काढला.

“होते, बाई,” तो म्हणाला. “रोज होते. आंघोळ करून. एक दिवस चुकली नाही.”

भाऊंनी डोळे मिटले. मग अखिलच बोलत सुटला. “बासांनी जाहीर केलं होतं, मूर्ती तिथल्या घरात राहणाऱ्याला, म्हणजे अर्हमला. मी थोरला. मला मागायची लाज वाटली. इकडे आमच्या घरात आपलं असं काहीच नाही, बाई. मुलं नवकार मंत्रसुद्धा इंग्रजी अक्षरांत वाचतात. मला वाटलं, सापडली नाही तर काही दिवसांत सगळे विसरतील.”

“आणि त्या पोरीचं?” मी विचारलं. “तिच्यावर आळ आला हे तुला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“कधी?”

“मंगळवारीच.”

अक्का उठल्या. पडद्याला पाठ करून म्हणाल्या, “मूर्ती घेऊन ये. स्वतः घेऊन ये. तोवर मला फोन करू नको.” आणि जिना चढून वर गेल्या.

६

सोमवारी आम्ही रावेरला गेलो. भाऊ, अक्का, अर्हम आणि मी. या वेळी गाडी वळणावर थांबली नाही.

ज्ञानचंदभाऊ ओटा चढले आणि जीवराम आबांसमोर हात जोडून उभे राहिले. “मिच्छामि दुक्कडं,” म्हणाले. “आमच्या घरचं पाप तुमच्या लेकीच्या नावावर टाकलं. माफ करा.” एवढा मोठा माणूस, मान खाली. मला एकदम भरून आलं. अहंकारी म्हातारा म्हणून चार दिवस मी त्यांना मनात नावं ठेवली होती, पण माफी मागताना त्यांनी एक शब्द चोरला नाही.

“हात खाली करा, शेठजी,” आबा घाईनं म्हणाले. “तुमी कबूल केलं, बठ्ठं भेटलं आमाले. आता बुधवारी या धूमधडाक्यात.” रुमालानं डोळे पुसले, आणि आत बघून ओरडले, “भूमिका! च्या टाक वं, पाव्हने आले!”

भूमिका दारात आली. अक्कांनी तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला. तिनं वाकून नमस्कार केला. मग ती अर्हमसमोर उभी राहिली.

“मूर्ती लंडनला आहे हे कळलं म्हणून आलास,” ती म्हणाली. “नसतं कळलं तर आला असतास?”

अर्हमनं आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी त्याला काही मदत केली नाही.

“मला वाटलं होतं, वर तू होतास,” ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. “मी आठवडाभर चोर म्हणवून घेतलं, पण तुझं नाव घेतलं नाही. तू पारोळ्याला होतास, तुला कुणाला वाचवायचंही नव्हतं. तरी एकदा म्हणाला नाहीस, भूमिका असं करणार नाही म्हणून. घरातसुद्धा नाही. हो ना?”

“चुकलो,” अर्हम म्हणाला.

“हो. चुकलास.”

मग ती वडिलांकडे वळली.

“आबा, च्या टाकते मी सगळ्यांना,” ती म्हणाली. “पण बुधवारच्या मंडपवाल्याला नको म्हणून सांगा.”